मुंडावळ्यांचा फ्रीज

आमच्या आळीत सावलीला तोटा नाय. चिकूच्या वाड्या एकीला एक लागून, मधे फणस, विहिरीवर रायवळ आंबा. तरीपण नरहरी चुरीची गाडी बारा महिने खळ्यात, भर उन्हात उभी असते. नवा पाहुणा आला की हमखास विचारतो, "एवढी झाडं हायेत, आन गाडी उन्हात का तापवता?" नरूदादा मान वर न करता सांगतो, "जेवतेय ती. जेवणाऱ्याला उठवू नये."

हा माणूस मुळात बॅटरीचा. तारापूरकडच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं त्यानं बॅटरी रूम सांभाळली. जिथं वीजच तयार होते तिथं बॅटरी कशाला, असं गावातल्या लोकांना वाटायचं. नरूदादा म्हणायचा, "हलवायाच्या घरी पण भाकरी थापावी लागते ना?" सगळं बंद पडलं तरी काही यंत्रं आणि काही दिवे चालूच राहिले पाहिजेत, म्हणून एका मोठ्या खोलीत बॅटऱ्यांच्या रांगा कायम भरून ठेवलेल्या. त्यांचं पाणी बघायचं, ऍसिडचा घट्टपणा काचेच्या नळीत ओढून मोजायचा, टोकं पुसायची. एकतीस वर्षांत त्यानं एक बॅटरी मरू दिली नाही. शर्टाला मात्र ऍसिडची बारीक बारीक भोकं. त्याची बायको विजयावैनी सांगायची, "यांचा शर्ट दोरीवर घातला का आरपार बोईसर दिसतं."

निवृत्त झाल्यावर माणसं पतपेढीच्या निवडणुकीला उभी राहतात. नरूदादानं गाडी घेतली. कारखान्यातल्या कामगारांची ने-आण करून दमलेली जुनी मिनीबस. सीटा काढून भंगारात दिल्या, दोन्ही बाजूंना लाकडी बाकडी ठोकली, पाण्याचा पिंप बसवला, शेगडी बसवली. हे सगळं वैनीच्या एका वाक्यावर. ती म्हणाली होती, "एकतीस वर्षं तुमी बॅटऱ्यांपाशी, मी वाडीत. आता मला देश बघायचा हाय. पन लॉजवर मी झोपणार नाय, आन परक्या हातचं कालवण खाणार नाय."

आमच्याकडं कालवण म्हंजे मासळीचं. आणि चार दिवस मासळी न्यायची म्हंजे फ्रीज आला.

पहिला फ्रीज त्यानं घरातलाच उचलून गाडीत ठेवला. बॅटरी होती, इन्व्हर्टर होता, बटण दाबलं. इन्व्हर्टरनं मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी किंकाळी फोडली आणि बंद पडला. घरचा फ्रीज चालू असताना थोडकंच खातो, पण उठताना पाचपट मागतो. नरूदादाला हे ठाऊक होतं, तरी त्यानं करून बघितलं, कारण घरात फ्रीज आयता होता. वैनीनं दोन दिवस त्या फ्रीजवरून त्याला बोलणी घातली, कारण आतलं दूध नासलं होतं.

मग वाणगावला एका भंगारवाल्याकडं त्याला खरी चीज मिळाली. कुणा मासळीवाल्याच्या टेम्पोतला पेटीसारखा फ्रीज, वरून झाकण उघडणारा, थेट बारा व्होल्टवर चालणारा. त्याला इन्व्हर्टर लागत नाही, म्हणजे मधल्या दलालाचं खाणं वाचलं. उठताना तो किंचाळत नाही, गुरगुरतो फक्त. आणि झाकण वर असल्यामुळं उघडलं तरी थंडी सांडत नाही, कारण थंडी जड, ती तळाला बसून राहते. गॅस भरून घेतला, रबर बदललं. घरच्या इन्व्हर्टरची जुनी दीडशे अँपिअरची बॅटरी खाली बसवली, टपावर सोलरच्या दोन प्लेटी ठोकल्या. गाडीच्या इंजिनाची बॅटरी त्यानं या सगळ्यापासून मुद्दाम लांब ठेवली. बॅटरी रूमचा कायदा होता त्याचा. दोन घरांच्या चुली एक करायच्या नायत. एक विझली तर दुसरी तरी पेटती पायजे.

आठ दिवस चाचणी केली. गाडी खळ्यात उभी, कारण चिकूच्या फांद्या खाली टेकलेल्या, वाडीत ती शिरतच नव्हती. आठ दिवस आत पापलेट दगडासारखं राहिलं. सकाळी मीटर बघावं तर बॅटरी जवळजवळ भरलेली, दुपारी पुरती भरलेली. नवव्या दिवशी नरूदादानं पापलेट तळून आळीत वाटलं आणि जाहीर केलं, "ही गाडी आता काश्मीरला पण जाईल."

काश्मीरच्या आधी परभणी आली.

नागोराव हा त्याचा बॅटरी रूममधला जोडीदार. गाव परभणी जिल्ह्यात, जिंतूरच्या बाजूला, पण नोकरीपायी सगळी उमर सरावलीत भाड्यानं राहिला. त्याच्या बायकोला, सुगंधाला, भाऊ नव्हता. पहिल्याच वर्षी तिनं नरूदादाला राखी बांधली, त्या दिवसापासून नागोराव त्याचा दाजी झाला आणि तो नागोरावाचा पाव्हणा. त्यांची एकुलती एक लेक राजनंदिनी. रविवार आला की पोर सायकल हाणत वाडीत यायची. नऊ वर्षांची असताना विजयावैनीबरोबर विहिरीकाठी तिनं मोगऱ्याची एक काडी खोचली होती. आज त्या काडीचा कंबरेएवढा ताटवा झालाय. पोर मोठी झाली, बोईसरच्या एका औषध कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला लागली, आणि तिचं लग्न ठरलं नागोरावाच्याच गावाकडच्या सुजितशी. लग्न मे महिन्यात, गावी, दुपारी बारा पस्तीसच्या मुहूर्तावर.

आमच्या आळीत रीत आहे. नवरीच्या मुंडावळ्या मामाच्या घरून येतात, आणि त्या मोत्यांच्या नाही, मोगऱ्याच्या कळ्यांच्या. सकाळी काढलेल्या बंद कळ्या ओवायच्या. मुहूर्तापर्यंत त्या पांढऱ्या मण्यांसारख्या मिटलेल्या, आणि अक्षता पडता पडता तोंडं उघडतात. कपाळावर फुलं उमलली म्हंजे संसार उमलला, असं जुन्या बायका म्हणायच्या. राजनंदिनी आळीतल्या दहा लग्नांत हे बघत मोठी झाली होती. ती आली आणि सरळ म्हणाली, "मामा, मला दुसरं काय नको. मुंडावळ्या माज्या मोगऱ्याच्या पायजेत."

नागोराव हसायला लागला. "आगं, बोईसर कुठं, आपलं गाव कुठं! मोगरा संध्याकाळी उमलतो, दुसऱ्या दिशी तपकिरी पडतो. दोन दिवसांचा रस्ता, वरून बेचाळीसचं ऊन. तुझा मामा मुंडावळ्या न्हाई, वाळवण घेऊन येईल."

"दाजी," नरूदादा म्हणाला, "एकतीस वर्षं माज्या हाताखाली एक बॅटरी मेली का?"

"न्हाई मेली."

"मग कळ्या पण मरायच्या नायत. पोरीच्या कपाळावर त्या बंद चढतील आन मांडवात उमलतील. नाय उमलल्या तर मामा म्हणून मी बोहल्यामागं उभा राहणार नाय."

विजयावैनी मला नंतर म्हणाली, "यांची जीभ बॅटरीवर चालत नाय, तिला थेट लाईन हाय."

लग्नाच्या दोन दिवस आधी उजाडताना वैनीनं आणि जिवलीनं, म्हणजे वाडीत कामाला येणाऱ्या बाईनं, ताटवा सोलून काढला. गव्हाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, घट्ट कळ्या. दवानं ओल्या होत्या त्या आधी पंचावर पसरून कोरड्या केल्या, कारण पाणी राहिलं की कळी काळी पडते. मग केळीच्या पानात पुड्या बांधल्या, पुड्या ओलसर फडक्यात, फडकं ऍल्युमिनियमच्या डब्यात, डबा फ्रीजमध्ये. बर्फाचं नाव काढायचं नाही, बर्फ लागला की मोगरा भाजतो. फ्रीजचा काटा पाच अंशांवर. उरलेल्या जागेत दोन पापलेटं, वैनीच्या कालवणासाठी.

साडेसहाला मासवण मागं टाकलं, मनोरवरून विक्रमगड, जव्हार. नरूदादाचा बेत पक्का होता. सकाळी थंडीत गाडी हाणायची, दुपारी ऊन चढलं की झाड बघून थांबायचं, चार वाजले की पुन्हा निघायचं. वाडीतला माणूस असाच प्रवास करतो. आमच्याकडं तर शेंबडं पोर पण भर दुपारी सायकल झाडाखाली लावतं. मोखाड्याच्या पुढं एक असा आंबा भेटला की त्याच्याखाली तीन एसट्या मावतील. नरूदादानं गाडी मागं-पुढं करून नेमकी बुंध्याला चिकटवली, हात लावून छप्पर गार आहे का बघितलं, आणि खूश झाला. वैनीनं आत पापलेटाचं कालवण केलं. साडेदहा ते चार दोघं तिथं आडवी.

संध्याकाळी सिन्नरजवळ एका पेट्रोल पंपावर मुक्काम टाकला. पंपावरच्या माणसानं गाडीत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "काका, रात्रभर वायर लावून ठेवा की इथं. प्लग आहे."

"नको रे बाबा," नरूदादा म्हणाला. "आपलं घरचं हाय."

मीटर बघितलं तर बारा पूर्णांक दोन व्होल्ट. खळ्यात या वेळेला पावणेतेरा दिसायचं. वैनीनं ते बघितलं.

"कमी दाखवतंय."

"गरमी बघ ना किती हाय. फ्रीज जास्त खातोय. घरी अर्धा तास चालायचा, अर्धा तास झोपायचा. इथं त्याला झोपच नाय. उद्या जरा आणखी दाट सावली बघून लावू."

आता वाचणाऱ्याच्या ध्यानात आलंच असेल. पण ज्याच्या डोक्यात एकतीस वर्षं बॅटरी हीच एक चीज होती, त्याला बॅटरीपलीकडचं दिसत नव्हतं. बॅटरी रूममध्ये चार्जर भिंतीला कायमचा लावलेला. बॅटरीच्या पोटात वीज कुठून येते हा प्रश्न तिथं कुणाला पडतच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनलाच गाडी काढली. वाटेत दोनदा चहा झाला, दोन्ही वेळा वडाखाली. अकराच्या सुमाराला गाव आलं. आदल्या संध्याकाळी वळवाचं वादळ झालं होतं, विजेचे खांब आडवे झाले होते, गावात वीज नव्हती आणि उद्या दुपारशिवाय येणार नाही असं सांगून वायरमन गेला होता. नागोराव रस्त्यावर उभाच होता.

"या या पाव्हणं! तुमच्या गाडीसाठी गावातली सगळ्यात भारी जागा राखून ठिवलीय. रातीपासून कुणाला बैल सुदीक बांधू दिला न्हाई तिथं."

ती जागा म्हणजे त्याच्या शेतातला जुना लिंब. तिकडं कडूनिंबाला लिंबच म्हणतात. झाड केवढं, तर गाडी त्याच्याखाली खेळण्यासारखी दिसायला लागली. राजनंदिनी हळदीच्या पिवळ्या लुगड्यात धावत आली आणि पाया पडायच्या आधी म्हणाली, "मामा, आणल्या?"

"आणल्या म्हंजे? बघ."

वैनीनं झाकण उचललं. फ्रीजची गुरगुर नव्हती. हिरवा दिवा असतो तिथं लाल लुकलुकत होता. डबा उघडला, फडकं सोडलं, वरची पुडी उकलली. बहुतेक कळ्या मिटलेल्या होत्या. पण वरच्या मूठभर कळ्यांची तोंडं सैल झालेली आणि पाच-सहा तर चक्क उमललेल्या. मोगऱ्याचा वास त्या तापलेल्या गाडीत असा दरवळला की एरवी माणूस खूश झाला असता. राजनंदिनीचा चेहरा उतरला. तिनं सैल झालेल्या आणि उमललेल्या कळ्या बाजूला काढल्या, डबा हातानं दाबून बंद केला आणि मामाकडं बघत राहिली.

उद्याच्या मुहूर्ताला पंचवीस तास होते.

नरूदादानं पान्हा काढला. बॅटरीची टोकं घासली, पाणी बघितलं, फ्यूज काढून फुंकून लावला, वायरी हलवून बघितल्या. सगळं जागच्या जागी. मीटर अकरा पूर्णांक चार. या आकड्याला फ्रीज स्वतःच बंद पडतो, बॅटरी मरू नये म्हणून. तोपर्यंत गाडीभोवती मांडव घालणारी माणसं जमली. त्यांत नवरदेवाचा मामा पुंजाराम, गावातला बोलका माणूस. त्यानं आत वाकून बघितलं.

"कस्काय पाव्हणं, कोकणातून फ्रीज आणला म्हणायलाव, म्हणलं मासे असतील. अन् आत काय, तर कळ्या!"

"मासे असते तर तुमी इतक्या जवळ आला असता का?" नरूदादा बॅटरीवरून मान वर न करता म्हणाला.

"मपल्या टॅक्टरची बॅटरी देऊ का काढून?"

"ती तीन तास चालंल. आन उद्या वरातीला ट्रॅक्टर तुमी ढकलणार का?"

माणसं हसली. पण घाम त्याच्या भुवयांवरून टपकत होता, आणि पान्हा धरलेल्या हातानं तो तेच टोक तिसऱ्यांदा घट्ट करत होता. सुगंधा मांडवाकडून आली, तिच्या डोक्यावर परात होती. परातीत कुरडया. आज उन्हं कडक म्हणून लग्नाच्या धांदलीतही तिनं कालच्या राहिलेल्या कुरडया वाळवायला काढल्या होत्या. सवयीनं ती लिंबाखाली आली, परात खाली ठेवणार तोच थबकली आणि सावलीबाहेर नांगरलेल्या रानात जाऊन खाट टाकून तिच्यावर कुरडया पसरायला लागली.

वैनी गाडीच्या दारात बसून हे बघत होती. तिनं वर बघितलं. लिंबाच्या फांद्या, त्यांतून गाळलेलं ऊन, आणि गाडीच्या टपावर पडलेली निंबोळ्यांची आणि पानांची पसर. मग ती खाली उतरली, दहा पावलं मागं गेली, कमरेवर हात ठेवले.

"अवो," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "सुगंधानं वाळवण कुटं घातलं?"

"कुटं?"

"उन्हात. आन तुमचं वाळवण सावलीत. काल आंब्याखाली, सकाळी वडाखाली, आता लिंबाखाली. टपावरच्या त्या दोन प्लेटी का शोभेला लावल्यात?"

नरूदादा पान्हा हातात धरून उभा राहिला. वर बघितलं. खाली बघितलं. मग स्वतःच्या कपाळावर त्यानं पान्ह्याचं टोक हळूच आपटलं.

"तेच ना," तो म्हणाला. "बैलाला दोन दिवस दुपारची पेंड नाय, आन मी खुरं तपासतोय."

नागोरावाला हसू आवरेना. "एकतीस वर्षं बॅटरी रूम!"

"दाजी, बॅटरी मेली नाय अजून. उपाशी हाय. हसायचं उद्या बारा पस्तीसला." आणि त्या क्षणापासून माणूस पुन्हा नरूदादा झाला.

पण नुसती गाडी उन्हात नेऊन भागणार नव्हतं. बेचाळीस अंशात पत्र्याची गाडी रानात उभी केली की आत भट्टी पेटते. प्लेटी जेवढं कमावतील तेवढं फ्रीज खाऊन टाकील. प्लेटींना ऊन पाहिजे, फ्रीजला सावली. बायकोला माहेर पाहिजे, नवऱ्याला शेत, असा तंटा. नरूदादानं तो पाच मिनिटांत मिटवला. वेगळे करायचे दोघांना.

"दाजी, लांब वायर पायजे. जाड. बोटाएवढी."

नागोराव गोठ्यात गेला. मागच्या साली बोअर आटलं, तेव्हा वर काढलेल्या मोटारीची केबल खुंटीला वेटोळं करून टांगली होती. सत्तर फूट, आत तांब्याच्या जाड तारा. नरूदादानं ती हातात घेतली आणि तिचा मुका घ्यायचा तेवढा बाकी ठेवला.

गाडी रानात नेली, ढेकळांत, जिथं संध्याकाळपर्यंत सावली येणार नाही अशा जागी. राजनंदिनीनं हळदीच्या लुगड्याचा पदर खोचला आणि नको नको म्हणताना टपावर चढून प्लेटींवरच्या निंबोळ्या झाडल्या, ओल्या फडक्यानं धूळ पुसली. "प्रयोगशाळेत काच पुसायचंच काम करते मी," ती वरून ओरडली. खाली पुंजाराम, नागोराव आणि दोन मांडववाले बॅटरी उचलत होते. पाण्याची बॅटरी, साठ किलोचा धोंडा. दोरात बांधून, दांडक्याला लटकवून, पालखीसारखी त्यांनी ती लिंबाखाली आणली. "देवा रे," पुंजाराम म्हणाला, "नवरदेवाची आई पण इतकी जड न्हाई." फ्रीज आला, बॅटरीशेजारी ठेवला. केबल रानातून झाडापर्यंत ओढली. नरूदादानं टोकं सोलली, वळून घट्ट केली, चिकटपट्टी गुंडाळली. फ्रीजभोवती तळ आणि पाठ मोकळी ठेवून ओलं गोणपाट लपेटलं.

एक वाजता त्यानं मीटरवर बोट ठेवलं. काटा हलला. बारा. बारा पूर्णांक तीन. फ्रीजनं घसा खाकरला आणि गुरगुरायला लागला.

"आता संध्याकाळपर्यंत कुणी झाकणाला हात लावायचा नाय," नरूदादा म्हणाला. "प्रत्येक वेळी उघडलं का आत ऊन शिरतं."

हे बोलणं सोपं, पाळणं कठीण. गावात वीज नाही, घरोघरचे फ्रीज मेलेले, आणि लिंबाखाली एक जिवंत गुरगुरतोय ही बातमी अर्ध्या तासात वेशीपर्यंत पोचली. वरपक्षाची माणसं यायला लागलेली. पुंजारामाची म्हातारी मावशी आली, तिला थंड पाणी हवं. पाठोपाठ दोन पाव्हणे आले, त्यांना बाटली आत ठेवायची. लग्नघरात पाण्याला नाही म्हणायचं कसं? नरूदादा कानकोंडा झाला.

विजयावैनी उठली. फ्रीजच्या झाकणावर घोंगडी टाकली आणि त्यावर मांडी घालून बसली.

"बसा मावशी," ती म्हणाली. "थंड पाणी माठातलं. गारच हाय, सुगंधानं वाळा घातलाय. हे झाकण उद्या पहाटे उघडंल. तवर नवरदेव स्वतः आला तरी नाय."

"आन नवरदेवाची मामी आली तर?" पुंजाराम लांबून ओरडला.

"तिला माज्या मांडीवर बसवीन."

दुपारभर ती तिथंच. हळदीच्या गाण्यांना बायका तिच्याभोवती जमल्या, कुंकू लावायचं तर तिथंच येऊन लावलं, कुणी तरी जेवण तिथंच आणून दिलं. सकाळी डब्यातून बाजूला काढलेली ती मूठभर उमललेली फुलं तिनं बसल्या बसल्या ओवली आणि सुगंधाच्या अंबाड्यात खोचली. "उमललीच हायेत, तर वाया कशाला?" सुगंधा म्हणाली, "वैनी, देवी बसली न्हाई का देव्हाऱ्यात, तशा दिसायलाव." "देवीला निदान खाली मऊ आसन असतं," वैनी म्हणाली. "इथं खाली कॉम्प्रेसर हाय. माजी कंबर सोलापूरपर्यंत हलली."

नरूदादा दर तासाला मीटर बघायचा. तीनला बारा पूर्णांक सहा. पाचला त्यानं रानात जाऊन प्लेटींवर हात ठेवला आणि ऊन उतरायच्या आत गाडी थोडी तिरपी केली, शेवटचं तासभराचं ऊन पण सोडायचं नाही म्हणून. सूर्य टेकला तेव्हा मीटर बारा पूर्णांक आठ होतं. त्यानं केबल वेटाळून ठेवली, हात धुतले आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

पहाटे पाच वाजता, पूर्वेकडं फटफटायला लागलं तेव्हा वैनीनं झाकण उघडलं. डबा काढला. पहिली पुडी, दुसरी पुडी, तिसरी. घट्ट, पांढऱ्या, देठाशी अजून हिरवट. एकीनंही तोंड उघडलं नव्हतं. वैनी, सुगंधा आणि राजनंदिनी ओसरीवर बसल्या आणि ओवायला लागल्या. नवरीनं स्वतःच्या मुंडावळ्या स्वतः ओवू नयेत म्हणून वैनीनं तिला दोनदा हटकलं. तिनं ऐकलं नाही. ओवून झालेल्या सरी मुहूर्त जवळ येईपर्यंत पुन्हा फ्रीजमध्ये गेल्या.

बारा वाजता राजनंदिनी मांडवात आली. कपाळावर कळ्यांच्या दोन सरी, गालांवरून खाली लोंबत्या, गार. सुजितच्या कपाळाला मोत्यांच्या, दुकानातल्या. तो नवरीकडं बघत राहिला, मग आपल्या मामाच्या कानाला लागला. पुंजारामानं मान खाजवली, विजयावैनीच्या दिशेनं आला.

"वैनी, तुमच्याकडं आणखी एखादी जोडी..."

वैनीनं पदराखालून डबा काढला. दुसरी जोडी त्यात होती. तिनं ती पहाटेच ओवली होती. मोत्यांच्या उतरल्या आणि पुंजारामानं स्वतःच्या हातानं भाच्याच्या कपाळाला कळ्या बांधल्या. बांधताना त्याचे जाड हात जपून जपून चालले होते.

नरूदादा बोहल्यामागं उभा होता, मामाचा मान म्हणून. मंगलाष्टकं सुरू झाली. मांडवात तीनशे माणसं, बेचाळीसचं ऊन, वीज नाही, पंखा नाही. तिसऱ्या मंगलाष्टकाला मागल्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "कुठून आला गं ह्यो वास?" चौथ्याला अर्धा मांडव नाक वर करून बघायला लागला. अंतरपाट खाली आला तेव्हा दोघांच्या कपाळावर कळ्या नव्हत्या, फुलं होती. नागोरावानं अक्षता टाकता टाकता लांबून नरूदादाकडं बघितलं आणि उजवा हात कपाळाला लावला, बॅटरी रूममध्ये मोठ्या साहेबाला लावायचा तसा.

नरूदादानं मनगटावरचं घड्याळ त्याला दाखवलं. बारा अडतीस.

जेवणं झाल्यावर पुंजाराम पान खात लिंबाखाली आला. फ्रीजला एक प्रदक्षिणा घातली, गोणपाट उचलून बघितलं, बॅटरीवर हात ठेवला.

"पाव्हणं, मला असलं एक करून द्या. मी खवा घेऊन परभणीला जातो, उन्हाळ्यात वाटंतच आंबतो. टेम्पोत बसवता येईल?"

"बसवता येईल ना," नरूदादा म्हणाला. "फ्रीज वाणगावला मिळंल, बॅटरी मी निवडीन, प्लेटी टपावर. पहिलं एक सांगा. दुपारी टेम्पो कुटं लावता?"

"लिंबाखाली. आणखी कुठं लावायचा या उन्हात?"

नागोराव तोंडावर टॉवेल धरून हसत सुटला. नरूदादानं खाली बसून काडीनं मातीत लिंब काढला, त्याच्या बाजूला टेम्पो, मधे लांब रेघ केबलची, आणि मास्तरच्या थाटात समजवायला लागला. प्लेट उन्हात, फ्रीज सावलीत, माणूस सावलीत, आणि झाकणावर कुणीतरी पक्कं माणूस.

विजयावैनी घोंगडी झाडत होती.

"बघा गो," ती सुगंधाला म्हणाली, "काल दुपारी शिकले, आन आज शाळा काढली."